दर आधी विचारायचा की कारभार?

सातारा-सांगलीच्या ऊसपट्ट्यात सहकारी साखर कारखान्याच्या सभासदाला आधी ‘उसाचा दर समाधानकारक आहे का?’ आणि मग ‘संचालकांवर विश्वास आहे का?’ असे विचारले, तर पहिल्या उत्तराची छाया दुसऱ्यावर पडणारच. 1997च्या गॅलप जनमत चाचणीत अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष क्लिंटन यांना प्रामाणिक म्हणणारे 50 टक्के होते. आधी उपाध्यक्ष गोर यांच्याबद्दल विचारल्यावर ते 57 टक्के झाले. नेहमीच्या संभाव्यताशास्त्रात ‘अ आणि ब’ म्हणजेच ‘ब आणि अ’. क्वांटम गणित मनाला लावले, तर मात्र प्रत्येक प्रश्न हे एक मोजमाप ठरते आणि ते मनाची स्थिती बदलू शकते, म्हणून क्रमाला अर्थ येतो.

मेंदूत क्वांटम भौतिकी चालते असा हा दावा नाही. उसने घेतले आहे ते फक्त गणित. आकडे जुळवायला कोणतेही सूत्र चालेल, हा आक्षेप रास्त आहे. पण या गणिताने एक कडक अट आधीच घातली होती: क्रम उलटला तरी दोन्ही प्रश्नांना सारखेच उत्तर देणाऱ्यांचे (होय-होय किंवा नाही-नाही) एकत्रित प्रमाण बदलू नये. संशोधक वँग, बुसेमेयर आणि सहकाऱ्यांनी 2014मध्ये अमेरिकेतील 70 राष्ट्रीय सर्वेक्षणे तपासली, तेव्हा ही अट बहुतांशी टिकली. त्याच वर्षी एक मर्यादाही दाखवली गेली: तोच प्रश्न पुन्हा विचारल्यावर माणूस आपल्या उत्तरावर ठाम राहतो, हा ठामपणा आणि क्रमाचा परिणाम, दोन्ही एकाच साध्या क्वांटम प्रारूपात बसत नाहीत.