बाहुली मोठी करण्याची पन्नास वर्षं

बांधावरचा धोत्रा उपटताना रस हाताला लागतो, तोच हात डोळ्याला लागतो आणि एकाच डोळ्याची बाहुली फाकून बसते. खुरपणीच्या दिवसांत हे घडतं, आणि माणूस घाबरून दवाखाना गाठतो. धोत्र्यात अ‍ॅट्रोपिन असतं. त्याच्याच कुळातल्या बेलाडोनातून ते १८३०च्या दशकात वेगळं काढलं गेलं. पुढे १८५१ साली हेल्महोल्ट्झनं डोळ्याच्या आत पाहण्याचं उपकरण बनवलं आणि बाहुली मोठी करून पडदा तपासायची रीत सुरू झाली.

नांदेड-लातूरकडे ती फार उशिरा पोहोचली. १९७६मध्ये राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला तेव्हा लातूर जिल्हा अस्तित्वातच नव्हता. तो १९८२ साली उस्मानाबादेतून वेगळा झाला. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय नांदेडला १९८८मध्ये आलं, लातूरला २००२मध्ये. त्याआधी औरंगाबाद किंवा अंबाजोगाई गाठायची. लातुरात १९६६पासून विवेकानंद रुग्णालय होतं, उदगीरला पुढे लायन्सचं नेत्र रुग्णालय झालं. तरी खेड्यातल्या माणसाला डोळ्याचा डॉक्टर भेटायचा तो शिबिरात, आणि शिबिर असायचं मोतीबिंदूचं. रेणापूर तालुक्यातल्या माकेगावचे डॉ. तात्याराव लहाने यांना २००८ साली पद्मश्री मिळाली, तीही याच कामाची पावती होती. मोतीबिंदूनं हजारो घरं अंधारात होती, त्यामुळे सगळा जोर तिकडे लागला हे योग्यच झालं. पडद्याची तपासणी मात्र मागे राहिली.

लोकांना या थेंबांची जी भीती वाटते, तिचं मूळही त्याच काळात आहे. अ‍ॅट्रोपिनचा असर एक-दोन आठवडे उतरत नाही. तेवढे दिवस उजेड सहन होत नाही, जवळचं दिसत नाही, सुईत दोरा ओवता येत नाही. ‘दवाखान्यात औषध टाकलं अन्‌ होती ती नजरही गेली,’ हे बोलणं त्यातून आलं. औषध बदललं तरी ते बोलणं राहिलं.

औषध खरोखर बदललं. १९६०च्या आसपास ट्रॉपिकामाइड आलं, आणि हळूहळू नुसत्या तपासणीसाठी अ‍ॅट्रोपिन वापरायचं कारण उरलं नाही. लहान मुलांचा नंबर काढताना, तिरळेपणात, डोळ्याच्या आतल्या सुजेवर ते आजही लागतं, पण ती कामं वेगळी. आता ओपीडीत बहुधा ट्रॉपिकामाइड ०.८ टक्के आणि फेनिलेफ्रिन ५ टक्के हे एकत्र थेंब असतात. एक औषध बाहुली आवळणारा स्नायू सैल करतं, दुसरं ती उघडणारा स्नायू ताणतं. असर साधारण चार ते आठ तासांत ओसरतो. आपल्या गडद बुबुळात औषध धरून राहतं, म्हणून बाहुली उघडायला वेळ लागतो. जुन्या मधुमेहात आणखीच. म्हणून दुसरा थेंब टाकावा लागतो आणि बाकावर बसून राहावं लागतं. ‘मावशी, डोळे मिटून बसा, चोळू नका,’ असं सांगत सिस्टर फिरत असतात. मिटल्या डोळ्यांच्या नाकाकडच्या कोपऱ्यावर बोटानं एक-दोन मिनिटं हलकं दाबून धरलं तर औषध नाकातून अंगात कमी उतरतं. हे फुकटचं काम आहे, आणि गर्दीत नेमकं तेच राहून जातं.

थेंबाआधीचं एक मिनिट मला सगळ्यात मोलाचं वाटतं. बीपी किती, हृदयाचा आजार आहे का, हे विचारायला हवं, कारण फेनिलेफ्रिननं रक्तदाब चढू शकतो. एके काळी १० टक्क्यांचंही वापरत. आता ते टाळतात. दुसरी गोष्ट बॅटरीची. कानाच्या बाजूनं आडवा उजेड टाकला आणि बुबुळाचा नाकाकडचा अर्धा भाग सावलीत गेला, तर डोळ्यातल्या पाण्याच्या वाटेचा कोन अरुंद असण्याचा संभव असतो. अशा डोळ्यात बाहुली मोठी केली तर पाण्याची वाट बुजून काचबिंदूचा तीव्र झटका येऊ शकतो. हे क्वचित घडतं. काचबिंदूच्या प्रत्येक रुग्णाला थेंब वर्ज्य, हा समजही चुकीचा आहे. कोन उघडा असेल किंवा लेसरनं वाट करून दिलेली असेल, तर डॉक्टर सहसा निर्धास्तपणे टाकतात.

मला जास्त चिंता न टाकलेल्या थेंबाची आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीनं देशात १० कोटींहून अधिक मधुमेही असल्याचा अंदाज दिला. यातल्या प्रत्येकाचा पडदा वर्षातून एकदा पाहायला हवा, कारण पडद्यावरचं रक्त आणि सूज दुखत नाही. कळतं तेव्हा नजर गेलेली असते. बाहुली न फाकवता फोटो काढणारे कॅमेरे आलेत, त्यांनी चाळणी होते. पण मोतीबिंदूनं किंवा लहान बाहुलीनं फोटो धूसर आला, तर थेंबाला पर्याय नाही. ‘आज घाई आहे, पुढच्या खेपेला टाकू’ हे रुग्ण म्हणतो आणि कधीकधी दवाखानाही. मला ते पटत नाही.

कमी दिवसांची बाळंही आता या तपासणीत आली. जन्मानंतर महिनाभराच्या आत त्यांचा पडदा पाहावा लागतो, आणि त्यांना मोठ्यांचे थेंब चालत नाहीत. औषध पातळ करून, मोजून टाकतात आणि गालावर ओघळलेलं लगेच पुसतात, कारण एवढ्याशा अंगात ते कातडीतूनही शिरतं.

किनवट, देगलूर, निलंगा इथून आलेला रुग्ण दुपारच्या एसटीनं परततो. मोटारसायकल त्यानं स्वतः चालवू नये, सोबत कुणी असावं, उन्हाचा चष्मा किंवा टोपी असावी, हे बहुतेक ठिकाणी सांगतात. पण काचबिंदूचा तो झटका अनेकदा बाहुली अर्धवट परत येत असताना येतो, म्हणजे संध्याकाळी, गावी पोहोचल्यावर. डोळा लाल होऊन ठणकतो, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात, मळमळ, ओकारी होते. घरचे पित्त समजून गोळी देतात, आणि रात्र वाया जाते. म्हणून प्रत्येकाच्या हातात मराठीतली एक चिठ्ठी द्यायला हवी. तिच्यावर औषधाचं नाव, टाकल्याची वेळ, ही लक्षणं आणि रात्री उचलला जाईल असा फोन नंबर, एवढं पुरे.