छंदाला जामीन कोण?

दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी एक चिमुकला चित्रपट केला होता. त्यात ना राजा, ना राणी. कुंडीत बी पेरलं, समोर कॅमेरा रोवला आणि अंकुर फुटून रोप वर येईपर्यंत थोडी थोडी फिल्म घेत राहिले. १९१२ सालची ही ‘अंकुराची वाढ’ त्यांनी तिकिटं लावण्यासाठी केली नव्हती, ती पैसे देऊ शकणाऱ्यांना दाखवण्यासाठी केली होती. लंडनच्या प्रवासापायी विम्याच्या पॉलिसी आधीच गहाण पडल्या होत्या. पडद्यावर वाढणारं ते रोप पाहून यशवंतराव नाडकर्णी आणि नारायणराव देवहरे कर्ज द्यायला राजी झाले, पत्नी सरस्वतीबाईंनी दागिने काढून दिले आणि ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात हरिश्चंद्र लोकांसमोर आला.

फाळक्यांच्या वेडावर आपण भरभरून लिहितो. मला मात्र कुतूहल आहे ते रोप बघून पैसे काढणाऱ्यांचं. आवडीतून धंदा उभा राहिला की सगळं श्रेय जिद्दीला देऊन मोकळं व्हायची आपली रीत आहे. जिद्दीचा तुटवडा आपल्याकडे कधीच नव्हता. तुटवडा असतो तो जामीन राहणाऱ्यांचा.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचंच बघा. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेले, पण डोळ्यांना काही रंग ओळखता येत नव्हते. रंग सुटले, रेषा हाती राहिली. यंत्रांची ड्रॉइंगं शिकले आणि पुढे तीच शिकवू लागले. १८८८ साली भाऊ रामूअण्णांबरोबर बेळगावात सायकलींचं दुकान काढलं. नंतर लोखंडी नांगर बनवला, तर पहिला नांगर खपायला दोन वर्षं लागली, कारण लोखंडानं जमिनीत विष भिनतं अशी शेतकऱ्यांची पक्की समजूत होती. त्यात नगरपालिकेनं वस्तीवाढीसाठी कारखान्याची जागा घेतली. औंधला देवळासमोरच्या सभामंडपाचं काम त्यांच्याकडे आलेलं होतं. त्या ओळखीतून औंधच्या राजांनी कुंडल रोडजवळची माळरानाची जमीन आणि १०,००० रुपयांचं कर्ज देऊ केलं. १९१० साली तिथे किर्लोस्करवाडी वसली. हे राजे, बाळासाहेब पंतप्रतिनिधी, स्वतः चित्रकार होते. रंग सुटलेल्या माणसाची रेष त्यांना ओळखता आली असावी, असं मला आपलं वाटतं.

पण राजा काही सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. ज्यांच्याकडे विमा नाही आणि दागिना म्हणजे एक मंगळसूत्र, त्यांनी काय करायचं? याचं उत्तर गिरणगावातल्या बायकांनी दिलं.

लालबाग-परळच्या चाळींत दहा बाय बाराच्या खोलीत खानावळ चालायची. सातारा-कोकणातून एकटे आलेले गिरणी कामगार महिना ठरवून जेवायचे, पाळीप्रमाणे यायचे, गावी गेले की खाडे धरायचे आणि पगार झाला की पैसे द्यायचे. तोवर बाईनं वाण्याकडून उधारीवर माल उचलायचा. वाणी भाव चढा लावणार, सावकार व्याज चढं लावणार. बँकेच्या पायरीवर हिला कुणी उभं केलं नसतं, कारण तारण नाही, हिशेबाची वही नाही आणि सहीच्या जागी अंगठा.

हे ‘पॅशन’ होतं का? हल्ली या शब्दाचा फार गजर चालतो म्हणून विचारतो. खानावळवाली आवड म्हणून पहाटे चारला चूल पेटवत नव्हती. नवऱ्याची नोकरी गेली किंवा नवराच गेला म्हणून पेटवत होती. पण हाताला चव होती, आणि कुणाला भाकरी लागते, कुणाला तिखट सोसत नाही हे तिला तोंडपाठ असे. तिचं भांडवल एवढंच होतं, आणि कुठल्याही ताळेबंदात ते मांडता येत नव्हतं.

१९७३-७४ च्या गिरणी संपात पगार थांबले, तरी या बायकांनी कामगारांना उधारीवर जेवू घातलं. युनियनच्या कामात असलेल्या प्रेमाताई पुरव यांना यातलं गणित दिसलं. गोवामुक्ती लढ्यात पायाला गोळी लागलेली ही बाई. संप ज्यांनी तगवला त्यांची नोंद कुठल्याच युनियनकडे नव्हती. १९७५ साली त्यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केलं. बायकांचे गट केले, बँकांचं राष्ट्रीयीकरण झालेलंच होतं, तेव्हा गटानं बँकेत जायचं आणि एकीच्या कर्जाला बाकीच्यांनी जामीन राहायचं असं ठरलं. पहिली कर्जं माणशी दीड हजाराची होती. एकीनं हप्ता चुकवला की गटातल्या साऱ्या जणी तिच्या दारात. त्यात दटावणी असे, तसा आधारही असे, कारण तिचं मूल आजारी आहे हे बँकेच्या आधी शेजारणीला ठाऊक असायचं. नाबार्डनं बचत गट बँकांना जोडण्याचा प्रयोग ५०० गटांपासून सुरू केला तो १९९२ साली. गिरणगाव त्याच्या बरंच आधी तिथे पोचलं होतं.

जामीन श्रद्धेतूनही मिळतो, हे पाहायचं तर गिरगावात जायला हवं. १५ मार्च १९५९ रोजी लोहाणा निवासाच्या गच्चीवर सात गुजराती बायका पापड लाटायला बसल्या. सर्वोदयी वृत्तीचे छगनलाल पारेख, सगळ्यांचे छगनबाप्पा, यांच्याकडून ८० रुपये उसने घेतले होते. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली आणि भुलेश्वरच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्यानं ती घेतली. छगनबाप्पांनी दोन गोष्टींवर हट्ट धरला: दर्जात तडजोड नाही आणि हिशेब चोख. तोटा आला तरी देणगी घ्यायची नाही, हे बायकांनी ठरवलं. त्यातून उभी राहिलेली ‘लिज्जत’ आजही धंदा, कुटुंब आणि भक्ती ही आपली तीन तत्त्वं सांगते. यातल्या भक्तीला नाक मुरडणारे भेटतात. पण घरी बसून लाटलेल्या पापडावर देखरेख ठेवायला मुकादम किती नेमणार? कुणी बघत नसतानाही पापड नीट लाटला जावा, हे काम ती भक्तीच करते. संस्थापकांपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली.

सगळ्या जामिनांचा शेवट असा गोड नसतो. ‘लंकादहन’च्या यशानंतर भागीदार फाळक्यांकडे आले, नाशिकला हिंदुस्थान फिल्म कंपनी निघाली आणि वर्ष-दीड वर्षात मतभेद होऊन फाळके काशीला निघून गेले. भागीदारांना नफा दिसत होता, फाळक्यांना चित्रपट. छंदवाल्यानं वाटेल त्याचे पैसे घेऊ नयेत, असं माझं मत याच प्रकरणामुळे झालं आहे. आपलं काम ज्याला कळतं त्याचे थोडके पैसे बरे.

आज बचत गट गावोगाव आहेत, ‘उमेद’ या सरकारी अभियानाचं महालक्ष्मी सरस प्रदर्शन मुंबईत भरतं, मोबाइलवर पैसे क्षणात पोचतात. तरी घरून फराळ करून देणाऱ्या बाईची अडचण जुनीच आहे. बेसन, तूप, खोबरं आज घ्यायचं आणि पैसे गिऱ्हाईक देईल तेव्हा. ओळखीतले, नात्यातले तर हमखास ‘देते नंतर’ म्हणतात, वर भावात घासाघीसही करतात. तेव्हा या दिवाळीत चकली-अनारशांची ऑर्डर घरगुती करणाऱ्या कुणाकडे देणार असाल, तर निम्मी रक्कम ऑर्डर देतानाच द्या आणि उरलेली डबा हातात पडताच.