पाच कॅमेरे, एक घर: कुटुंबाचे फोटो सांभाळायचे कसे?

श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, बोर्लीपंचतन या पट्ट्यातल्या आपल्या घरांत लग्न निघाले की फोटो एका कॅमेऱ्यात मावत नाहीत. निकाहचे फोटो गावातला फोटोग्राफर काढतो. कुवेतहून सुट्टीवर आलेले मामू आपला कॅमेरा गळ्यात अडकवून फिरतात. मुंब्र्याहून आलेल्या खालाच्या मुलींचे फोन दिवसभर सुरू असतात, आणि बायकांच्या बाजूचे फोटो तर बहुतेक त्यांच्याच फोनमध्ये असतात. वलीमा उरकतो, पाहुणे पांगतात आणि दोन हजार फोटो पाच ठिकाणी विखुरतात. मामूंचा कॅमेरा कुवेतला, फोटोग्राफरचा पेनड्राइव्ह कपाटात, उरलेले व्हॉट्सॲपवर.

मग कुणीतरी विचारते, "हे सगळे एकत्र लावायला चांगले सॉफ्टवेअर कोणते?" या प्रश्नाचे उत्तर देण्याआधी गोंधळ नेमका कुठून येतो ते पाहू. तो कळला की निवड सोपी होते.

गोंधळाची तीन कारणे

पहिले कारण फाईलच्या नावाचे. बहुतेक कॅमेरे फोटोंना ओळीने क्रमांक देतात आणि ९९९९ झाले की पुन्हा ०००१ पासून सुरुवात करतात. दोन कॅमेऱ्यांत एकाच नावाचे दोन वेगळे फोटो सहज निघतात. ते एका फोल्डरमध्ये टाकताना संगणक विचारतो, "जुन्याच्या जागी नवा ठेवू का?" घाईत ‘हो’ दाबले की एक फोटो कायमचा गेला.

दुसरे कारण घड्याळाचे. प्रत्येक डिजिटल फोटोच्या आत तारीख आणि वेळ लिहिलेली असते आणि सॉफ्टवेअर त्यावरूनच क्रम लावते. कुवेत, कतार आणि सौदीची वेळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे, दुबईची दीड तास. मामूंनी घड्याळ बदलले नसेल, तर संध्याकाळी पाचच्या निकाहचा फोटो दुपारी अडीचचा म्हणून लागतो आणि वरात येण्याआधीच खुतबा झालेला दिसतो. जुन्या कॅमेऱ्याची बॅटरी बरेच दिवस उतरलेली राहिली, तर तारीख थेट कुठल्यातरी जुन्या १ जानेवारीवर जाऊन बसते.

तिसरे कारण व्हॉट्सॲप. तिथून नेहमीच्या पद्धतीने आलेला फोटो आकाराने लहान झालेला असतो आणि त्याच्या आतली मूळ तारीखही निघून गेलेली असते. छापायला गेलात की फरक कळतो. मूळ फोटो हवा असेल तर पाठवणाऱ्याला तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा.

पिकासाचा धडा

ज्यांच्या घरी दहा-पंधरा वर्षांपूर्वी संगणक होता त्यांना गूगलचे पिकासा आठवत असेल. फुकट, सोपे, चेहरे ओळखणारे. अनेकांनी वर्षानुवर्षे त्यात अल्बम लावले. १५ मार्च २०१६ पासून गूगलने संगणकावरच्या पिकासाचा आधार काढून घेतला. फोटो जागेवरच राहिले. फोटोखाली लिहिलेला मजकूर फाईलच्या आतच साठवलेला असल्याने तोही बराचसा वाचला. अल्बमांची रचना मात्र पिकासाच्या स्वतःच्या नोंदींमध्ये होती. दुसऱ्या सॉफ्टवेअरला ती जशीच्या तशी वाचता येईना आणि कित्येकांची मेहनत तिथेच अडकली.

आमच्या मते सॉफ्टवेअर निवडताना हीच पहिली कसोटी असावी: उद्या हे सॉफ्टवेअर बंद पडले, तर फोटो आणि त्यांवर आपण लिहिलेली नावे आपल्याबरोबर बाहेर येतील का? सोय, वेग, देखणेपणा हे सगळे त्यानंतर.

चार पर्याय

गूगल फोटोज: सर्वांत सोपे. फोनवरचे फोटो आपोआप चढतात आणि ‘समुद्र’ किंवा ‘केक’ असे लिहूनही शोधता येतात. १ जून २०२१ पासून मात्र अमर्याद फुकट साठवण बंद झाली. आता १५ जीबी जागा मिळते आणि त्यातच जीमेल आणि ड्राइव्हही येतात. मोठ्या कॅमेऱ्याचे फोटो टाकले तर ती एका-दोन लग्नांतच भरते. पुढे पैसे भरावे लागतात. बाहेर पडायचे झाल्यास ‘टेकआऊट’मधून सगळे फोटो उतरवता येतात, पण तिथे लिहिलेले वर्णन फोटोच्या आत न येता शेजारच्या वेगळ्या फाईलमध्ये येते.

ॲपल फोटोज: घरात सगळ्यांकडे आयफोन आणि मॅक असेल तर उत्तम. आपल्याकडे एका घरात आयफोन एक आणि बाकी अँड्रॉइड अशीच स्थिती जास्त, आणि तिथे हे अपुरे पडते. आयक्लाउडवर फुकट जागा ५ जीबीच आहे.

ॲडोबी लाइटरूम: लग्नाचे काम करणाऱ्या फोटोग्राफरसाठी. ‘रॉ’ प्रकारचे फोटो हाताळण्यात आणि रंग सुधारण्यात भक्कम. पण वर्गणी सतत भरावी लागते. फक्त घरचे फोटो लावण्यासाठी हा खर्च करण्याची गरज नाही.

डिजिकॅम: हे विनामूल्य आहे. जगभरचे स्वयंसेवक ते तयार करतात आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालते. फोटो तुमच्याच फोल्डरमध्ये राहतात. कॅमेऱ्यातून घेतानाच फोटोंना तारखेनुसार नवी नावे देता येतात, म्हणजे ०००१ची टक्कर होत नाही. मामूंच्या कॅमेऱ्याचे सगळे फोटो निवडून त्यांची वेळ एकदम अडीच तास पुढे सरकवता येते. एकाच फोटोच्या दोन-तीन प्रती शोधून काढता येतात. चेहरे ओळखण्याचे काम तुमच्याच संगणकावर होते, त्यासाठी फोटो कुठे पाठवावे लागत नाहीत. उणी बाजू अशी की मांडणी पहिल्या दिवशी अवघड वाटते आणि जुन्या लॅपटॉपवर हजारो फोटो तपासताना ते रेंगाळते. एक गोष्ट सुरुवातीलाच करा: सेटिंगमधल्या ‘मेटाडेटा’ या भागात जाऊन नावे आणि वर्णने फाईलमध्ये लिहिण्याचा पर्याय चालू आहे ना, ते पाहा.

फक्त फोन वापरणाऱ्या घराने गूगल फोटोज वापरावे आणि वर्षातून दोनदा सगळे एका हार्डडिस्कवर उतरवावे. दोन-तीन कॅमेरे आणि एक लॅपटॉप असलेल्या घराला आम्ही डिजिकॅम सुचवू.

कुठलेही निवडा, पण आधी परीक्षा घ्या. दोनशे फोटोंच्या प्रती वेगळ्या फोल्डरमध्ये काढा. त्यातल्या दहांवर नावे लिहा, पाचांची तारीख दुरुस्त करा. मग तेच फोटो दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा. नावे आणि तारखा तिथेही दिसल्या तर ते सॉफ्टवेअर पास. मूळ फोटोंवर प्रयोग करू नका.

कोणती ईद?

फोल्डरला नाव देताना वर्ष, महिना, दिवस या क्रमाने तारीख आधी लिहा आणि मग प्रसंग: ‘२०२४-०४-११ ईदुल फित्र श्रीवर्धन’. असे केले की फोल्डर आपोआप ओळीने लागतात. नुसते ‘ईद’ लिहून भागत नाही, कारण हिजरी वर्ष दहा-अकरा दिवसांनी लहान असल्याने ईद दरवर्षी मागे सरकते. २००० साली तर ईदुल फित्र जानेवारीतही आली आणि डिसेंबरमध्येही. ‘ईद २०००’ असे लिहिलेल्या फोल्डरमध्ये कोणती ईद आहे, हे आज कोण सांगणार?

जुने कागदी फोटो स्कॅन केले की त्यांवर स्कॅन केल्याची तारीख बसते, म्हणून आगबोटीच्या धक्क्यावर उभे असलेले परदादा २०२४ साली जाऊन पडतात. अशा फोटोंना अंदाजे वर्ष हाताने द्या आणि वर्णनात ‘अंदाजे’ हा शब्दही लिहा.

हा कुणाचा फोटो?

छायाचित्राबाबत उलमांमध्ये मतभेद आहेत आणि त्यावर निवाडा करणे हे आमचे काम नाही. पण ज्या घरांत फोटो आहेत, तिथे ते अमानत आहेत, हे कुणीही मान्य करील. बायकांच्या बाजूचे फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि ते कुणी पाहायचे हे त्यांनाच विचारा. गूगल फोटोजमध्ये अल्बमची लिंक चालू केली की ती ज्याच्या हाती पडेल त्याला फोटो दिसतात. ती लिंक जमातीच्या ग्रुपवर गेली तर परत बोलावता येत नाही. फार तर लिंक बंद करता येते, पण तोवर उतरवून घेतलेले फोटो लोकांकडेच राहतात. त्यामुळे असे फोटो संगणकावरच्या सॉफ्टवेअरमध्ये ठेवणे अधिक बरे.

खातेदार निघून गेल्यावर त्याच्या फोटोंचे काय, हाही प्रश्न आहे. घरातले फोटो अब्बांच्या खात्यावर आणि पासवर्ड फक्त त्यांच्या डोक्यात, अशी घरे पुष्कळ आहेत. दोन वर्षे न वापरलेले वैयक्तिक खाते गूगल काढून टाकू शकते. ‘इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ या सोयीत विश्वासातल्या माणसाचे नाव आधीच देऊन ठेवता येते. दहा मिनिटांचे काम आहे, ते अब्बांच्या शेजारी बसून आजच करा.

वादळ आणि तीन प्रती

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आपल्याच किनाऱ्यावर धडकले. पत्रे उडाले, नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, अनेक गावांत कित्येक आठवडे वीज नव्हती. फोनला रेंजही नव्हती. पुढच्याच वर्षी जुलैमध्ये सावित्रीचे पाणी महाडच्या घराघरांत शिरले. अशा दिवशी कपाटातला अल्बम आणि टेबलावरचा लॅपटॉप एकाच वेळी भिजतात, आणि रेंज नसेल तर इंटरनेटवरचे फोटोही हाती लागत नाहीत.

सॉफ्टवेअर फोटो लावून देते, वाचवत नाही. वाचवण्यासाठी साधा नियम आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या गावी. आपल्यासाठी हे सोपेच आहे, कारण प्रत्येक घराचे कुणी ना कुणी मुंबईत किंवा आखातात असते. एक प्रत गावच्या लॅपटॉपवर, एक हार्डडिस्कवर, आणि दुसरी हार्डडिस्क सुट्टी संपवून परत जाणाऱ्याच्या बॅगेत. गावची डिस्क खाऱ्या, दमट हवेपासून जपा. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा आणि दोन्ही ईदच्या आसपास लॅपटॉपला जोडून चालते का ते पाहा. प्रत्येक डिस्क कधीतरी बंद पडतेच, म्हणून एकीवर विसंबू नका.

दादीकडून नावे घ्या

चेहरे ओळखणारे सॉफ्टवेअर दोन फोटोंतला माणूस एकच आहे एवढे सांगते. तो माणूस कोण, हे त्याला माहीत नसते. १९७०च्या आसपास दुबईला गेलेल्या पहिल्या पिढीचे फोटो घराघरांत आहेत, आणि त्यातल्या उभ्या माणसांची नावे सांगू शकणारे आता थोडेच उरले आहेत. तेव्हा सॉफ्टवेअर कोणतेही घ्या, पण पहिल्या सुट्टीत लॅपटॉप घेऊन दादी-नानीजवळ बसा. एकेक फोटो दाखवा, त्या सांगतील ते नाव, गाव आणि नाते वर्णनात जसेच्या तसे लिहा. चांगले सॉफ्टवेअर पुढच्या वर्षीही मिळेल. दादीला हे विचारायचे काम मात्र लांबणीवर टाकू नका.