चिठ्ठीतला चार की आठ?

मालेगाव किंवा मानोरा तालुक्यातल्या एखाद्या गावातून निघालेला रुग्णाचा कागद बराच प्रवास करतो. आशाताईंची वही, उपकेंद्राचे रजिस्टर, ग्रामीण रुग्णालयाचा केसपेपर, वाशिमचे जिल्हा रुग्णालय आणि वेळ पडलीच तर अकोल्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. गावातली नोंद मराठीत, डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत आणि तपासणीचा अहवाल संगणकावर छापलेला. भाषा कळली नाही तर माणूस थांबून विचारतो. अंकाबाबत मात्र कोणी विचारत नाही. तो सगळ्यांनाच वाचता येतो, असे आपण धरून चालतो. धोका तिथेच आहे.

मराठी ४ चे वरचे तोंड मिटले की तो इंग्रजी आठ दिसतो. घाईत लिहिलेला ५ इंग्रजी चारसारखा वाटतो. मराठी १ तर इंग्रजी नऊचा जुळा भाऊच. तारखेत अशी गफलत झाली तर फार तर एक हेलपाटा पडेल. पण इन्सुलिनचे ४ युनिट कोणी आठ वाचले, तर डोस दुप्पट होतो आणि रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली येऊ शकते. आधी घाम, थरथर, धडधड. मग असंबद्ध बोलणे आणि उपचार न मिळाल्यास बेशुद्धी. घरात एकट्या राहणाऱ्या वयस्कर रुग्णाच्या तर हे जिवावर बेतू शकते.

बिंदू आणि शून्य

१.० मधला बिंदू फिका उमटला की १० होतात; .५ मधला बिंदू पुसला गेला की ५. दोन्ही वेळा डोस दहापट. 'युनिट' न लिहिता नुसते इंग्रजी 'यू' अक्षर काढले, तर तेही शून्यासारखे दिसते आणि १० युनिटचे १०० होतात. म्हणून औषध-सुरक्षेचे साधे नियम आहेत: पूर्ण अंकानंतर दशांश शून्य लावू नये, दशांश बिंदूच्या आधी शून्य जरूर लावावे (०.५) आणि 'युनिट' हा शब्द पूर्ण लिहावा.

छापले म्हणजे सुटलो?

तसेही नाही. संगणकावर अक्षरांचा फॉन्ट एक आणि अंक व चिन्हांचा दुसरा असला, तर वेगळीच गडबड होते. 'कृतिदेव'सारख्या जुन्या फॉन्टमध्ये इंग्रजी चिन्हांच्या जागा देवनागरी अक्षरांना दिलेल्या आहेत. त्यात 'पेक्षा कमी' या चिन्हाच्या जागी 'ढ' उमटतो आणि 'बरोबर'च्या जागी 'त्र'. हे निदान डोळ्यांना खटकते.

न खटकणारी चूक अधिक घातक. मायक्रोग्रॅमसाठी ग्रीक 'म्यू' अक्षर वापरतात. जुन्या 'सिम्बॉल' फॉन्टमध्ये हा म्यू इंग्रजी 'एम'च्या जागेवर बसवलेला आहे. सगळ्या मजकुराचा फॉन्ट एकदम बदलला, की म्यूचा एम होतो, म्हणजेच मायक्रोग्रॅमचा मिलिग्रॅम. फरक हजारपटीचा! थायरॉइडची थायरॉक्सिन गोळी मायक्रोग्रॅममध्येच मोजतात, हे लक्षात घेतले की गांभीर्य कळते. आज युनिकोडमध्ये म्यूला आणि मराठी अंकांना स्वतःची जागा आहे. तरी जुन्या फायली आणि जुन्या सवयी टिकून आहेत.

अक्षर आणि चिन्ह यांचा मेळ हवा, हे गणिताच्या पुस्तकांनी आधीच ओळखले होते. अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनूथ यांना १९७७ मध्ये स्वतःच्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीची अक्षरजुळणी पसंत पडली नाही. त्यांनी 'टेक' ही अक्षरजुळणीची प्रणालीच घडवायला घेतली आणि तिच्यासाठी अक्षरे, अंक आणि गणिती चिन्हे एकाच घडणीची केली. पुस्तकात हा मेळ वाचन सोपे करतो. औषधाच्या कागदावर तो जीव वाचवतो.

काय करावे?

औषधे जेनेरिक नावाने, सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहावीत, असे भारतीय वैद्यक परिषदेने २०१६ मध्येच सांगितले आहे. तेवढीच काळजी अंकांचीही घ्यावी. एका कागदावर एकाच लिपीतले अंक असावेत. महत्त्वाचा डोस अंकात आणि अक्षरात, दोन्ही लिहावा: '४ (चार) युनिट'. 'मायक्रोग्रॅम' हा शब्द पूर्ण लिहावा.

रुग्णांनी आणि नातेवाइकांनी औषध घेताना डोस तोंडी विचारून घ्यावा आणि आपल्याला वाचता येईल अशा अक्षरांत लगेच पाकिटावर लिहून घ्यावा. इन्सुलिनची सिरिंज बाटलीशी जुळते का, हेही पाहावे: ४० युनिटच्या बाटलीला लाल टोपणाची, १०० युनिटच्या बाटलीला केशरी टोपणाची. इन्सुलिननंतर घाम सुटून थरथर वाटली आणि रुग्ण शुद्धीवर असेल, तर लगेच साखर किंवा ग्लुकोज द्यावे. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

आणि अंक लागत नसेल तर अंदाज करू नये. दवाखान्यात परत जाऊन विचारावे. त्यात संकोचण्यासारखे काहीच नाही.