तीन पत्तीचे राजे, पोकर टेबलवर जरा जपून!

लाँग वीकेण्ड, गोवा आणि ऑफिसची गँग असं त्रिकूट जमलं की दुसऱ्या रात्री कुणीतरी म्हणतंच, ‘चला रे, कॅसिनोत जाऊ!’ पणजीच्या जेट्टीवरून छोटी बोट मांडवीत उभ्या असलेल्या जहाजावर सोडते. फोटो आयडी लागतो, वय २१ पूर्ण हवं. (फेब्रुवारी २०२०पासून खुद्द गोवेकरांना आत प्रवेश नाही. आपल्या मुंबई-पुण्याच्या पब्लिकला मात्र वेलकम!) रुलेभोवती आरडाओरडा, ब्लॅकजॅकला गर्दी. पोकरचं टेबल तेवढं शांत. ते बघून वाटतं, अरे, हे तर आपल्या तीन पत्तीचंच मोठं भावंड. दिवाळीत मामाकडे रात्र रात्र खेळलोय की!

घोळ इथेच सुरू होतो.

मी टेबलवर होते त्या रात्री शेजारी हिंजवडीतल्या आयटी कंपनीतला एक मुलगा होता. कॅसिनोत पहिल्यांदाच. हातात नव्वी आणि अठ्ठी. टेबलवर बदाम सत्ती, बदाम दश्शी, किलवर गुलाम. म्हणजे सिक्वेन्स तयार! चौथं पान फुकट गेलं, पाचवं आलं बदाम तिर्री. समोरच्या काकांनी सगळ्या चिप्स पुढे सरकवल्या. पठ्ठ्याने क्षणाचा विचार न करता ‘कॉल’ म्हटलं. काकांनी दोन बदाम उघडले. हा हसत चिप्स ओढायला लागला, कारण मामाकडे सिक्वेन्स कलरला मारतो. डीलरने हात आडवा घातला. पोकरमध्ये उलटा हिशेब, कलर मोठा. अठरा हजार गेले. ‘बाइकचे तीन हप्ते,’ तो हळूच म्हणाला.

यात कॅसिनोची लबाडी काही नाही. तीन पानांत सिक्वेन्स लागणं कलरपेक्षा अवघड, पाच पानांत कलर लागणं अवघड. जे दुर्मीळ ते वरचं, सिंपल फंडा. ‘ब्लाइंड’चंही तसंच. आपल्याकडे ब्लाइंड म्हणजे पानं न बघता चाल. इथे डीलरच्या डावीकडच्या दोघांनी पानं वाटण्याआधीच टाकायचे सक्तीचे पैसे. पाळी फिरत फिरत सगळ्यांवर येते.

आता आकडेमोड. समजा, टेबल १००-२०० ब्लाइंडचं आहे आणि नऊ जण बसलेत. एका फेरीत तुमचे ३०० रुपये जाणारच. तासाला साधारण २५ ते ३० डाव होतात, म्हणजे तीन फेऱ्या. काहीही न खेळता तासाला ९०० रुपये! शिवाय पॉटमधून कॅसिनो आपला वाटा काढतं, त्याला ‘रेक’ म्हणतात. इथे तुमची लढाई कॅसिनोशी नाही, बाजूच्या आठ जणांशी आहे. त्यातले काही जण दर आठवड्याला येणारे.

बरं, चांगली पानं किती वेळा येतात? हातात जोडी सतरा डावांत सरासरी एकदा. दोन एक्के २२१ डावांत एकदा, म्हणजे जवळपास अख्खा ऑफिस डे बसलात तर! त्यामुळे नवख्याला बहुतेक वेळ पॅक करत बसावं लागतं. बोअर होतं, पण जमलेले लोक नेमकं हेच करत असतात.

२००३मध्ये अमेरिकेतल्या ख्रिस मनीमेकर या अकाऊंटंटने ८६ डॉलरच्या ऑनलाइन स्पर्धेतून पुढे जात वर्ल्ड सिरीजचे २५ लाख डॉलर जिंकले आणि जगभरच्या नोकरदारांना स्वप्नं पडायला लागली. (त्या स्पर्धेत ८३९ जण होते, हे कुणी सांगत नाही.) आपल्याकडे ऑगस्ट २०२५मध्ये ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदीचा कायदा झाला, त्यामुळे नेटवर दहा-वीस रुपयांत शिकायची सोय गेली. आता पहिला धडा थेट हजारांच्या टेबलवर! म्हणून आधी घरी मित्रांबरोबर काडेपेटीच्या काड्या लावून महिनाभर खेळा. सिरियसली.

टेबलवरचे कायदेही कडक. रेझ करायचं असेल तर आधी तोंडाने ‘रेझ’ म्हणा. नुसती एक मोठी चिप टाकलीत तर तो कॉलच धरतात. पानं शेजाऱ्याला दाखवायची नाहीत. एक नियम मात्र नवख्याच्या फायद्याचा: डाव सुरू असताना खिशातून पैसे काढता येत नाहीत, समोर असतील तेवढेच पणाला लागतात. सिनेमातल्यासारखं घड्याळ-गाडी लावायची सोयच नाही. तेव्हा एटीएम कार्ड रूमवर ठेवून या. एंट्रीच्या पॅकेजमधल्या चिप्स पोकरला चालतात का, तेही आधी विचारून घ्या. बुफे पॅकेजमध्ये असेल, तर भूक लागल्यावर खुशाल उठा, पुढे असलात तरी. कुणी अडवत नाही.

आणि जिंकलात, तर पार्टी जाहीर करण्याआधी एक बॅड न्यूज. त्या रकमेवर ३० टक्के दराने इन्कम टॅक्स लागतो. आदल्या रात्री हरलेले पैसे त्यातून वजा होत नाहीत.