सावकाराच्या गळ्यात पडलेली जमीन

पैशाच्या वाटा : लेखांक ६

मागच्या लेखात चेट्टिनाडचे वाडे पाहिले. त्यांचे सागवानी खांब ब्रह्मदेशातले आणि ते उभे करणारा पैसाही बराचसा तिथलाच. तो कमावणारे नाट्टुकोट्टै चेट्टियार, म्हणजेच नगरत्तार, रंगूनला करत काय होते, ते आज पाहू.

१८५२ मध्ये इंग्रजांनी खालचा ब्रह्मदेश घेतला, १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि इरावतीच्या मुखाकडच्या दलदलीत भातशेती झपाट्याने पसरली. जंगल तोडायचे, बैल घ्यायचे, पीक हाती येईपर्यंत पोट भरायचे. यासाठी शेतकऱ्यापाशी पैसा कुठला? गोऱ्यांच्या बँका त्याला दारातही उभे करत नसत. त्या चेट्टियाराला देत आणि चेट्टियार शेतकऱ्याला.

पेढीची शिस्त मात्र बघण्यासारखी. मालक कारैकुडीच्या आसपास आपल्या गावी. रंगूनच्या पेढीवर मुनीम, बहुधा जातीतलाच, तीन वर्षांच्या बोलीवर. बायकामुले मागेच. पगाराची उचल निघण्यापूर्वी, वर नफ्यात वाटा. आपल्याकडे पूर्वी पावकी-निमकी घोकून घेत, तसे या पोरांकडून अपूर्णांकांचे पाढे लहानपणीच पाठ करून घेतलेले असत. मुघल स्ट्रीटवर पेढीवाले दरमहा देवळात जमून ठेवींवरच्या व्याजाचा दर ठरवत. दंडधारी मुरुगन हा त्यांचा देव. धंद्यातला काही हिस्सा ‘मगमै’ म्हणून देवाच्या खाती पडे. बाजारभाव देवासमोर ठरल्यावर तो मोडायची छाती कोणाची होणार!

सावकार म्हटला की आपल्याला १८७५ चे सुपे आठवते, जाळलेले कर्जरोखे आणि गेलेल्या जमिनी आठवतात. चेट्टियाराला मात्र जमीन नकोच होती. यात दयाबुद्धी शोधू नये. त्याच्या डोक्यावर ठेवीदारांचे आणि बँकांचे देणे असे. पैसा फिरता राहिला तरच पेढी चाले. चिखलात अडकलेला पैसा काय कामाचा?

१९३० च्या मंदीत भाताचे भाव कोसळले, कर्जे थकली आणि तारण जमिनी एकामागून एक गळ्यात पडल्या. खालच्या ब्रह्मदेशातल्या १३ प्रमुख भात-जिल्ह्यांत १९३० साली त्यांच्याकडे सुमारे ६ टक्के शेतजमीन होती. १९३८ पर्यंत ती २५ टक्क्यांवर गेली. घेणाऱ्याला ती नको होती, हे गमावणाऱ्याला कोण पटवणार? परक्या सावकाराविरुद्धचा राग धुमसत राहिला. १९४२ मध्ये जपानी आले, चेट्टियार वह्या घेऊन पळाले. स्वतंत्र ब्रह्मदेशाने १९४८ मध्ये जमिनीच्या राष्ट्रीयीकरणाचा कायदा केला आणि तारण, कब्जा, सारेच संपले.

काहींनी त्याआधीच पाय काढता घेतला होता. मौलमीनला पेढी असलेल्या मुरुगप्पा घराण्याने मंदीच्या दशकात आपला व्याप भारतात हलवला आणि १९४९ मध्ये मद्रासजवळ सायकलचा कारखाना काढला. आपल्याकडे गावोगावच्या पोस्टमनने आणि दूधवाल्याने दामटलेली हर्क्युलस ती हीच.

पुढच्या आठवड्यात मलायातल्या पेढ्या.