घरबसल्या विद्यापीठ (लेखांक 6) : पाच, शून्य, सात

बारावीला बायॉलॉजी घेतलेल्या कुणालाही विचारा, पहिलं आठवतं ते पाठांतर. क्रेब्स चक्राच्या पायऱ्या, हृदयाचे कप्पे, आणि आकृतीला नावं द्यायची राहिली तर किती गुण जातील याची धास्ती. दहावीनंतर पीसीएमकडे वळलेली कितीतरी हुशार मुलं या धास्तीनेच जीवशास्त्राकडे पुन्हा फिरकत नाहीत. आजचा कोर्स खरं तर त्यांच्यासाठीच आहे. अमेरिकेतल्या एमआयटीचा हा पदवीच्या पहिल्या पायरीवरचा जीवशास्त्राचा कोर्स एडएक्स या ऑनलाइन मंचावर 2013 च्या मार्चमध्ये प्रथम आला. क्रमांक 7.00एक्स. यातला 7 हा एमआयटीतल्या जीवशास्त्र विभागाचा आकडा.

गेल्या आठवड्यात विद्युतमंडलांचा कोर्स पाहिला, तेव्हा प्रयोगशाळेचा प्रश्न फारसा आला नव्हता. रोध आणि धारित्र पडद्यावर जोडले की गणित जुळतं आणि मंडल चालतं. पेशी अशी पडद्यावर मांडता येत नाही. मग सूक्ष्मदर्शकाला डोळा न लावता जीवशास्त्र शिकायचं कसं, असा प्रश्न पडणं साहजिक आहे.

याचं उत्तर एमआयटीच्या अभ्यासक्रम-पुस्तिकेतच सापडतं. तिथे इंजिनीअर व्हायचं असो की अर्थशास्त्रज्ञ, प्राथमिक जीवशास्त्र सगळ्यांना सक्तीचं. आपला ऑनलाइन कोर्स त्याच्या ज्या वर्गावर बेतलेला आहे, त्या 7.012 पुढे तीन आकडे छापलेले असतात : 5-0-7. आठवड्याला पाच तास व्याख्यान आणि चर्चावर्ग, शून्य तास प्रयोगशाळा, सात तास स्वतःचा अभ्यास. म्हणजे जी प्रयोगशाळा ऑनलाइन आणता येत नाही म्हणून आपण हळहळतो, ती या वर्गात प्रत्यक्षातही नव्हती! प्रयोगांचे वर्ग तिथे वेगळे घ्यावे लागतात. पाच तासांतला व्याख्यानांचा भाग कॅमेऱ्याने जसाच्या तसा उचलला, आणि तो मोफत बघायला मिळतो. प्रश्न उरतो तो सातांचा.

शिकवणारे आहेत एरिक लॅन्डर. मानवी जनुकसंचाचा पहिला आराखडा 2001 च्या फेब्रुवारीत ‘नेचर’मध्ये आला, त्या लेखावरचं पहिलं नाव त्यांचं. पण मुळात हा माणूस गणिती. ऑक्सफर्डची डॉक्टरेट गणितात, नंतर हार्वर्डच्या बिझनेस स्कूलमध्ये अध्यापन, आणि जीवशास्त्र त्यांनी पुढे आपलं आपण शिकून घेतलं. कोर्सच्या घडणीत हे जागोजागी दिसतं. व्याख्या येतात, पण हातात कोडं ठेवल्यानंतर. जीवरसायनशास्त्रज्ञ सजीव फोडतो आणि त्यातलं एक प्रथिन वेगळं काढून तपासतो. आनुवंशशास्त्रज्ञ सजीव अख्खा ठेवतो, त्यातला एकच भाग बिघडवतो आणि काय अडतं ते पाहतो. सुरुवातीची बरीच व्याख्यानं या दोन रीतींभोवती फिरतात. दोन्हींची गाठ कुठे पडते, ते पुढे रेण्वीय जीवशास्त्रात येतं.

या कोर्समधली उदाहरणं ज्या घराण्यातली आहेत, त्यातलं एक जुनं आणि गाजलेलं इथे सोडवून पाहू. पावावरची नारिंगी बुरशी साखर, क्षार आणि एक जीवनसत्त्व एवढ्यावर वाढते. बाकीचं सगळं ती स्वतः बनवते, आर्जिनीन हे अमिनो आम्लही. बीडल आणि टॅटम यांनी 1941 मध्ये क्ष-किरणांनी या बुरशीत बिघाड घडवले, आणि त्या वाटेने त्यांना 1958 चं नोबेल मिळालं. पुढे 1944 मध्ये सर्ब आणि होरोविट्झ यांनी आर्जिनीन न बनवणारे वाण गोळा केले. पहिल्या प्रकारच्या वाणाला ऑर्निथीन दिलं, सिट्रुलीन दिलं किंवा आर्जिनीन दिलं, तिन्हींवर तो वाढला. दुसऱ्या प्रकाराला ऑर्निथीन चाललं नाही, उरलेली दोन्ही चालली. तिसऱ्याला आर्जिनीनखेरीज काही चालेना.

इथे वाचन थांबवा आणि पेशीत ही तीन द्रव्यं कोणत्या क्रमाने बनत असतील ते कागदावर लिहा.

बिघाडाच्या पुढचं द्रव्य आयतं मिळालं की वाण तरतो, मागचं मिळून उपयोग नसतो. पहिल्याला तिन्ही चालतात, म्हणजे त्याची अडचण ऑर्निथीनच्याही आधी. दुसरा ऑर्निथीनवर अडतो, म्हणजे त्यापुढची पायरी मोडलेली. तिसरा सिट्रुलीन असूनही उपाशी. तेव्हा क्रम ऑर्निथीन, सिट्रुलीन, आर्जिनीन असाच लागतो. एकही परीक्षानळी हातात न घेता तुम्ही पेशीतली एक साखळी उलगडलीत. पाठ करण्यासारखं यात काय होतं? तीन नावं, तीही शेजारी लिहून ठेवली तर चालतील.

आता पुढचा प्रश्न. आर्जिनीनवाचून न वाढणारे यीस्टचे दोन वाण हाती आले, तर दोघांत एकच जनुक बिघडलं आहे की वेगवेगळी? यीस्ट इथे सोयीचं, कारण त्याच्या पेशी जनुकांच्या एकाच संचावरही जगतात आणि दोन पेशींचा संकर केला की दुहेरी संचाची पेशी मिळते. एका वाणात ‘क’ जनुक मोडकं आणि ‘ख’ धड, दुसऱ्यात नेमकं उलटं, असं असेल तर संकरातून आलेल्या पेशीत दोन्हींची एकेक धड प्रत येते आणि ती आर्जिनीनशिवाय वाढते. दोघांतही ‘क’च मोडकं असेल तर धड प्रत येणार कुठून? असे संकर पडद्यावर करून बघण्यासाठी एमआयटीने ‘स्टारजेनेटिक्स’ नावाची प्रणाली तयार केली आहे. यीस्ट, फळमाशी, मेंडेलचे वाटाणे, अगदी गाईसुद्धा तिच्यात आहेत. सातांपैकी काही तास इथे जातात आणि ते बरे जातात.

सगळ्यांचे मात्र जात नाहीत. हार्वर्ड आणि एमआयटीने आपल्या एडएक्सवरच्या पहिल्या 17 कोर्सेसचा हिशेब जाहीर केला होता, त्यात हा कोर्सही होता. नोंदण्या 8,41,687, प्रमाणपत्रं 43,196. शंभरात पाच. 2,92,852 नोंदण्या तर अशा, की नाव घातल्यावर कोर्स एकदाही उघडला गेला नाही. या आकड्यांवरून ऑनलाइन शिक्षण फसलं असा निकाल देणाऱ्यांशी माझं जमत नाही. फुकटात नाव नोंदवायला जातंय काय! पण ज्यांनी कोर्स उघडला आणि पुढे सोडला, त्यांच्यातले बरेच मला एकाच जागी अडलेले दिसतात : व्हिडिओ दीडपट वेगाने संपवायचे आणि उदाहरणसंच ‘रविवारी बघू’ म्हणून बाजूला ठेवायचे. व्हिडिओ बघताना सगळं समजतंच. लॅन्डर इतकं छान शिकवतात की न समजलेलंही समजल्यासारखं वाटतं, आणि हा त्यांच्या शिकवण्यातला मोठा धोका आहे. म्हणून क्रम उलटा करून बघा. आधी उदाहरण वाचा, कुठे अडतंय त्याची नोंद करा, मग व्याख्यान लावा.

एडएक्सवरची मोफत प्रमाणपत्रं 2015 अखेर बंद झाली. नुसतं शिकायचं असेल तर एमआयटीच्या ओपनकोर्सवेअरवर 2004 मधली 7.012 ची व्याख्यानं आहेत, मुख्यतः लॅन्डर यांची आणि कर्करोगाच्या जनुकांवर काम केलेल्या रॉबर्ट वाइनबर्ग यांची. जोडीला ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठाच्या ओपनस्टॅक्सचं पाठ्यपुस्तक घ्या, तेही मोफत.

आपल्या कॉलेजात श्रेयांक हवे असतील तर वाट वेगळी. यूजीसीच्या 2021 च्या नियमांनुसार एका सत्रातले 40 टक्क्यांपर्यंत कोर्स ‘स्वयम’ या सरकारी ऑनलाइन मंचावरून करता येतात, कॉलेजने मान्यता दिली तर. ते आधी विचारून घ्या. ‘स्वयम’वरच्या ‘एनपीटीईएल’च्या बारा आठवड्यांच्या कोर्सला 12 स्वाध्यायांतल्या सर्वोत्तम 8 चे 25 गुण असतात आणि केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेचे 75. इथेही स्वाध्याय टाळून चालत नाही : 25 पैकी 10 पडले नाहीत तर परीक्षेत कितीही मिळवा, प्रमाणपत्र नाही.

आणि सूक्ष्मदर्शक? तो हवाच असेल तर स्टॅनफर्डच्या मनू प्रकाश यांचा कागदी फोल्डस्कोप घ्या आणि स्वयंपाकघरातल्या कांद्याची साल त्याखाली धरा. या कोर्सला त्याची गरज नाही, पण कुतूहलाला असते.

पुढच्या आठवड्यापर्यंत एक उदाहरण. यीस्टचे दोन वाण, दोन्ही आर्जिनीनशिवाय वाढत नाहीत. त्यांचा संकर केला, मिळालेली दुहेरी पेशीही आर्जिनीनशिवाय वाढली नाही. यावरून दोघांत एकच जनुक बिघडलं आहे असं ठामपणे म्हणता येईल का? की म्हणण्याआधी प्रत्येक वाणाचा आणखी एक संकर करून पाहायला हवा, आणि तो कुणाशी? कागद घ्या. उत्तर सातव्या लेखांकात.